आले किती

फोनवर कुणाचा तरी बाप, नेहमीचाच प्रश्न:
"तुमच्याकडे प्रवेशाचा दर काय?"
आइली लेहतोनेन पेन्सिल कानामागे खोचते.
"शंभरातल्या चौसष्टांना हो म्हणतो आम्ही."
पलीकडे जरा शांतता, मग नाकातून हवा.
म्हणजे कुणालाही घेता तर.

खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर.
मे उजाडला तरी कडेचा बर्फ
जागा सोडायला तयार नाही.

पूर्वी ती समजावायची
की चौसष्ट हा आमच्या जिभेचा आकडा,
पोरांच्या पायांचा नव्हे.
अर्ज दोन हजार तीनशे दहा,
जाड लिफाफे चौदाशे अठ्ठ्याहत्तर,
आणि अनामत भरून आलेले होकार
दोनशे शहाण्णव.
पत्रिका गावभर वाटायच्या
आणि पानं मांडायची मोजकी,
हा अंदाज जिला जमला तिची नोकरी टिकली.
एका वर्षी चुकला. सगळेच आले.
व्यायामशाळेत खाटा टाकल्या,
डीन रडला, आनंदानं की कसा
ते कुणी विचारलं नाही.

एकच पोरगा चार लिफाफे फोडतो,
चार कॉलेजं त्याला आपापल्या टक्क्यांत धरतात.
झोपतो तो एकाच खाटेवर.

ऑगस्ट. टेबलावर नावांचे बिल्ले.
संध्याकाळी उरतात पंधरा.
ऑरिन टर्व्हो, बरागा:
बापाची पाठ गेली, बोट कोण नेणार.
मिरेल स्कोग: फोन वाजतो, वाजत राहतो.
बाकीच्यांचं तर कारणही नाही.
उन्हाळ्यात वितळले, असं म्हणायची रीत आहे ऑफिसात.
दोनशे एक्क्याऐंशी, ती वहीत लिहिते
आणि बिल्ले बुटांच्या खोक्यात टाकते,
मागच्या वर्षीच्यांवर.

एकोणीसशे एकोणऐंशीत
मिनेसोटातल्या एका कॉलेजनं
तिलाही हो म्हटलं होतं.
पत्र तिनं भावाला वाचून दाखवलं, दोनदा,
मग ठेवलं पिठाच्या डब्यामागे
आणि आईला औषध द्यायला उठली.
त्यांच्या त्या वर्षीच्या दरात
ती आहे, अजून आहे,
कुठल्याशा टक्क्याचा बारीक कण,
घेतलेली.

दिवे मालवायची वेळ झाली.
ऑरिनच्या खोलीची, दोनशे चौदाची किल्ली
अजून तिच्या स्वेटरच्या खिशात आहे.
फळ्यावर टांगायची राहिली, म्हणते.
उद्या टांगेन.