कुऱ्हाड नसलेले तीन दिवस

वडिलांनी कुऱ्हाड नेली त्या सकाळी
आई एवढंच म्हणाली, सरपण फोडायचं राहिलंय.
घरात एकच होती.

हानयांगला तेव्हा विहिरीचा दोरही गोठायचा.
राजवाड्याच्या दारासमोर वडिलांनी चटई अंथरली,
गुडघ्याशेजारी कुऱ्हाड, धार स्वतःकडे,
आणि दोन्ही हातांवर कागद:
पटलं तर वाचा, नाही पटलं तर ही घ्या.

त्यांच्या कचेरीचं कामच ते, राजाला अडवणं.
त्या कामाला शब्द आहे, गान.
तुमच्याकडे गान म्हणजे गाणं. आमच्याकडे नाही.
अर्ज म्हणावा तर इतका वाकत नाही,
निषेध म्हणावा तर मूठ उगारत नाही;
कपाळ जमिनीला टेकवून
महाराज, हे चुकतंय, म्हणणारा शब्द.
वडील तो चिनी अक्षरात लिहायचे,
डावीकडे वाणी, उजवीकडे निवडणं.
सोळा रेघा. हात चळला की कागद बाद.

मला ती अक्षरं शिकवली नाहीत.
मला बायकांची लिपी. तिच्यात
काळीजही तसंच लिहितात, गान,
आणि कालवणातलं मीठही.
आई पळीतून घोट घेताना म्हणायची, गान बघते,
दिवसातून दोनदा.
मला बरीच वर्षं वाटायचं
राजाच्या सूपात मीठ कमी पडलंय
हे सांगायला वडील रोज टोपी घालून जातात.
आता वाटतं, फार चुकत नव्हते.
खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस
दुसरं काय सांगणार?

तीन दिवस आम्ही पाइनच्या वाळक्या सुया जाळल्या.
भाताला धुराचा वास. धाकटा जेवेना.
चौथ्या दिवशी एक शिपाई आला, नाक गळत,
काखेत चटई, चटईत कुऱ्हाड.
कागदाचं विचारलं तर म्हणाला, पोचला.
वडिलांचं विचारलं तर
दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटाचं नाव घेतलं,
नीट उच्चारता आलं नाही म्हणून पुन्हा घेतलं.

आईने पात्यावरून अंगठा फिरवला.
धार होती तशीच.
मग परसात जाऊन
तीन दिवसांचं सरपण एका दमात फोडलं.

संध्याकाळी मुळ्याचं सूप.
पळी ओठांपर्यंत नेली आणि थांबली.
म्हणाली, तू बघ.

अळणी होतं.
सांगावं की नको, असं झालं क्षणभर,
तिचे हात सालपटांनी सोललेले.

सांगितलं.
तिने मिठाचं मडकं माझ्याकडे सरकवलं.