छापील ठोके

छत्तीस वर्षं भूगोल शिकवला चोपड्यात.
छडीचं टोक काळ्या समुद्राखाली टेकवून म्हणायचे,
हे बघा, इथे आशिया संपतो.
पोरं टोकाकडे बघायची, मी घड्याळाकडे.

निवृत्तीनंतर तिथे खरंच गेले.
जळगावहून आम्ही बावीस जण, त्यातले पाच सराफ.
बॅगेच्या तळाशी बिबडे, शेंगदाण्याची चटणी,
आणि वहीच्या फाडलेल्या पानावर यादी:
प्रमिला – काचेचा निळा डोळा.
कोळंबेबाई – तोच.
भाचेसून – रुमाल, फुलांचा, फार भडक नको.
दूधवाला – डोळाच, पण लहान.
स्वतःच्या नावापुढे काही नाही,
कारण स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं.

त्या छताखालच्या बाजारात गल्लीतून गल्ली फुटते,
केळीच्या बुंध्याला पिलं फुटावीत तशी.
डोळे मी डझनाच्या भावात घेतले.
रविवारच्या बाजारात मेथीची जुडी घेते तसेच:
तोंड वाकडं, पाऊल मागे,
आणि पाठीवर हाक येईपर्यंत
अगदी हळू चालायचं.
हाक आली. हाक सगळीकडे येते.

मग ते भांडं दिसलं.
तांब्याचं, लांब दांड्याचं, मुठीएवढ्या पोटाचं,
अंगभर ठोक्यांची खवलं.
दुकानदार म्हातारा, नाव नज्मी.
भाषा नव्हती, म्हणून त्याने डाव्या हाताने
हवेत हातोडी मारून दाखवली,
नि छातीवर बोट ठेवलं: मी.
मी एक लीराही कमी करायला सांगितलं नाही.
उलट पर्समधला बिबडा काढून दिला.
त्याने तो मोडला, हुंगला, अर्धा खाल्ला,
उरलेला नोटांच्या खणात ठेवून खण लावून घेतला.

घरी आल्यावर वाटप झालं.
दूधवाल्याने डोळा म्हशीच्या गळ्यात बांधला.
तिथे बिबा आधीच होता,
आता दोघं मिळून राखण करतात.

भांडं घेऊन मी निंबा तांबटाकडे गेले.
ऐंशीचा आहे. घागरी गेल्या,
आता गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो.
त्याने ते उंबऱ्यावर, उन्हात नेलं,
पालथं केलं, नखाने वाजवलं,
अंगठा फिरवला पोटावरून, एकदाच.
"ह्या ठोका हातना नहीत, बहिनी. छापेल शेतस."

भर वर्गात
माझीच पाटी कुणी पुसावी, तसं झालं.
मे महिना, रस्त्यावर कुत्रंही नाही.
केळीचा एक ट्रक गेला, धूळ बसली,
तरी तो भांडं खाली ठेवेना.
दांडा जिथे पोटाला जोडलाय
तिथला खिळा डोळ्याजवळ नेऊन बघत राहिला.
"पन हाऊ खिळा हातना शे.
मानूस डावखुरा शे."

मी काहीच बोलले नाही.
बोलले असते तर घसा दाटला असता,
आणि निंबाला तसलं आवडत नाही.

त्याने भाता पेटवला, नवसागर टाकला,
पांढऱ्या धुरात आतून कल्हई फिरवली.
पैसे घेतले नाहीत.
आतल्या फळीवरून एक पळी काढली,
तांब्याची, बोटभर, कधीची तरी राहून गेलेली.
"तेले दे. म्हना, मना हात कोनता, वळख."

कसली जातेय मी परत.
गुडघे आहेत, पेन्शन आहे, दोन्ही कुरकुरतात.
भांड्यात चहा अर्धा कप होतो,
तोही उतू जातो, लक्ष नसलं की.

तरी ती यादी शोधून काढली,
तळाशी लिहिलं: नज्मी – पळी.

पोस्टात खिडकीमागे माझीच एक विद्यार्थिनी.
पळी तिने काट्यावर ठेवली.
पत्ता?
मी म्हटलं, छताचा बाजार, चौथी का पाचवी गल्ली,
तांब्याचं दुकान, म्हातारा, डावखुरा.
ती पेनाचं टोक कागदावर टेकवून थांबली.
बाई, म्हणाली, हे नकाशात
नक्की कुठे येतं?