सेल नंबर चौदा

एप्रिलात बॅटऱ्या दिवसा चार्ज करत नाही आम्ही.
पत्र्याखाली दुपारी त्रेचाळीस असतं,
आणि निकेल-कॅडमियमला एकदा ताप चढला
की तो स्वतःचाच ताप खात वाढतो.
म्हणून रात्री.
होटगी रोडवरची शेवटची रसवंती मिटली
की मी शटर अर्धं उचलते.

अंगठी, बांगड्या, घड्याळ दाराबाहेरच्या डब्यात.
पहिल्या दिवशी गड्डम मामांनी बोट पुढं केलं होतं,
बोटाभोवती पांढरा, गुळगुळीत वळ.
"अंगठी गेली, खूण राहिली.
पाना आडवा पडला होता, एवढंच."

वीस सेल एका पेटीत, खांद्याला खांदा लावून.
झाकणांभोवती पांढरी पूड धरते,
सुतावर वाळलेल्या खळीसारखी.
नायलॉनच्या ब्रशनं झाडायची, तारेच्या नाही.
शिशाच्या बॅटऱ्यांची खोली अंगणापलीकडं;
तिथला पाना इथं चालत नाही, तिथलं फडकंही नाही.
मी देवाचं सोवळं कधी पाळलं नाही,
हे पाळते.

मग पेटी पूर्ण रिकामी करायची,
प्रत्येक सेलच्या डोक्यावर चिमटा लावून रात्रभर ठेवायची,
म्हणजे सगळे शून्यावर सारखे होतात.
रिकामा सेल आत बघितला की पाणी खोल गेलेलं दिसतं.
वाटतं, घोटभर पाजावं.
"दया करू नको बघ," मामा म्हणायचे,
"आत्ता पाजलीस की भरल्यावर वर येऊन सांडतंय ते."
चार्जिंग संपत आलं की मगच, शेवटच्या पंधरा मिनिटांत,
पिचकारीनं, थेंब मोजून.

विमानात बॅटरीचं काम तसं दोनदाच.
इंजिन जागं करताना,
आणि बाकी सगळ्या विजा गेल्यावर.
मधल्या काळात तिची आठवण कुणाला होत नाही.

परवा भार लावला आणि स्टूल ओढून बसले.
एक्कावन्न मिनिटं कुणीही एक व्होल्टखाली जाता कामा नये.
चाळिसाव्या मिनिटापर्यंत सगळे शहाण्यासारखे.
सेचाळिसाव्याला चौदा नंबर बसला,
न सांगता, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा.
पुन्हा रिकामी केली, पुन्हा चिमटे, पुन्हा भरली.
काल पहाटे: सत्तेचाळीस.

बिराजदार साहेब चहा घेऊन आले, माझ्यासाठीपण.
"सातला पाहुणे येतेत. एकोणीस चांगले आहेत की."
मी चहा घेतला.
"चार मिनिटं गं. चार मिनिटांत काय होतंय?"
मला उत्तर माहीत नव्हतं, अजूनही नाही.
कुठल्यातरी ढगात, कुठल्यातरी रात्री,
त्या चार मिनिटांत काय होतं
ते मोजायचं यंत्र आमच्या खोलीत नाही.
मी लाल चिठ्ठी लिहिली, सही केली,
तारेनं हँडलला बांधली.
साहेबांनी कप स्वतःच उचलून नेले.

घरी येताना आठवत राहिलं:
कारखान्यात विड्या तपासणारा तो माणूस,
आईच्या हजारातल्या ऐंशी-नव्वद
बोटांनी नुसत्या दाबून छाटात टाकायचा,
वर पुडकं तिच्याकडं सरकवायचा, वर न बघता.
सहावीत असताना मी ठरवलं होतं,
मोठी झाले की त्याला एकदा विचारीन.
मोठी झाले, तर
माझ्याच खिशात तपासणीचा शिक्का.

आई उंबऱ्यात सूप मांडून बसलेली,
तेंदूची पानं ओल्या फडक्यात.
"उशीर?"
"एक छाटला," म्हणाले.
तिची कात्री थांबली.
बराच वेळ तिनं माझ्या हातांकडं बघितलं,
तोंडाकडं नाही.
"नीट बघून?"
"दोनदा."

तिनं पुढचं पान घेतलं.