रुमालाखाली

नवापूरच्या पुढे, उकाईच्या फुगवट्याकाठी,
मोहाच्या झाडाखाली ती उपडी पडलेली.
साडेअकरा फूट. फायबरची. मूळचा रंग निळा असावा.
बदलीवर गेलेला कुणी इंजिनिअर
सुरतेहून आणून इथेच सोडून गेला,
आणि रेहमल वळवींनी तीत काही वर्षं जाळं वाहिलं,
काही वर्षं तिच्याखाली कोंबड्या झाकल्या.

मी शहाद्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते.
स्वतःच्या पैशानं मोठं असं आजवर
काहीच घेतलं नव्हतं. स्कूटीसुद्धा भावाच्या नावावर.
शीड हा शब्द आमच्या घरात
यापूर्वी कुणी उच्चारला असेल असं वाटत नाही.

सोबत आप्पा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात
चाळीस वर्षं दलाली केलेला माणूस.
वाटेत एवढंच विचारलं,
"तुले पव्हता तरी येस का?"
येतं म्हटलं.
मग थेट विसरवाडीपर्यंत गप्प.

मी वाचून आले होते: आधी तळ बघावा,
नाण्यानं ठोकावं, आवाज कोरडा यायला हवा.
मी पर्समध्ये रुपया शोधत होते तोवर
आप्पांनी बोटाच्या पेरानं सुरुवात केली होती,
तापीच्या वाळूतलं टरबूज ठोकतात तशी,
आणि मागच्या कोपऱ्याशी थांबले.
"आठे वल्लं से."
मी अंगठा दाबून पाहिला.
तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं मऊ.

उताणी केली. तिघं लागलो.
डोलकाठीच्या बुडाशी केसाएवढी चीर.
पोटातली पाती फुगून अडकलेली.
शिडाच्या पिशवीत उंदरांनी संसार मांडलेला
आणि शिडाला मधोमध फ्लेक्सचं ठिगळ,
त्यावर कुठल्याशा निवडणुकीतला अर्धा चेहरा
आणि जोडलेल्या हातांतला एकच हात.

मला हसू आलं. आप्पांना नाही.
ते तिच्याभोवती दोनदा फिरले.
कान नव्हते, खूर नव्हते, दात नव्हते.
शेवटी वळवींच्या समोर जाऊन उभे राहिले.
पहिले मालकना डोया दखाना,
हे मी लहानपणापासून ऐकत आलेली.

वळवी म्हणाले, "डावीकडे ओढते ती.
पहिल्या दिवसापासून. वारा कुठूनही असू दे.
हात भरून येतो सुकाणूवर.
आणि हे सांगितलं म्हणून भाव कमी नाही करणार."
आप्पांनी त्या दिवसात पहिल्यांदा मान हलवली.

मग खांद्यावरचा रुमाल काढला, पसरला,
दोघांचे हात खाली गेले.
किती वेळा पाहिलेलं हे मी यात्रेत:
वर चेहरे दगडाचे, खाली बोटं बोलतात.
एक बोट म्हणजे पाच हजार, अर्धं म्हणजे अडीच.
मुलीनं तेवढ्या वेळात चहा सांगून यायचा असतो.

"पैसे माझे आहेत," मी म्हटलं.
मोठ्यानं नाही.

कापड हलायचं थांबलं.
एक कोंबडी बोटीत चढली, आत काही नाही बघून उतरली.
मग आप्पांनी हात बाहेर काढला, धोतराला पुसला,
आणि रुमालाची कड माझ्यासाठी उचलून धरली.

आत ऊब, आणि एक खरखरीत तळवा.
वळवींनी माझी चार बोटं धरली.
मी करंगळी सोडवून घेतली.
ते थांबले. अंगठ्यावर जाळ्याच्या दोरीचा घट्टा लागत होता.
मग करंगळी परत पकडली, अर्धीच,
आणि काही केल्या सोडेनात.

साडेसतरा. वल्ही त्यातच.

ट्रॉलीत चढवल्यावर आप्पांनी दोर मागून घेतला.
गाठ मारली ती घोड्याची:
आपण ओढली तर सुटते,
जनावरानं ओढली तर आवळते.

विसरवाडीला चहाला थांबलो.
त्यांचा कप टेबलावर साय धरत राहिला.
मी बाहेर आले तर ते ट्रॉलीशी उभे,
तिच्या नाळेवर तळहात टेकवून,
खाली श्वास लागतोय का बघत असावेत तसे.
मला पाहून हात काढला.
मग डावीकडची गाठ, सुटली नसतानाही,
पुन्हा एकदा आवळली.