मोजणी

प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा मोजल्या मी.
बोटांची सवय अजून गेलेली नाही.
पोळ्या मोजते, जिन्याच्या पायऱ्या मोजते,
झोप आली नाही तर चेहेडीच्या पुलावरचे ट्रक.

जेलरोडला आमच्या बिल्डिंगशेजारी रिकामा प्लॉट आहे.
मालक पुण्याला, केस कोर्टात,
तोवर तिथे खुळखुळा माजला.
शेंगा वाळल्या. वारा सुटला की वाटायचं
कुणाचं तरी बाळ रांगत येतंय गवतातून.

नवरात्र उठलं त्याच्या दुसऱ्या दिवशी
दूध आणायला उतरले, तर
वाळक्या काड्यांना पानं फुटलेली.
काळपट, निळ्या ठिपक्यांची.
मग एक पान मिटलं.
उघडलं.

एक, दोन, सात, एकोणीस...
एक उडालं की शेजारची चार उठायची,
पुन्हा पहिल्यापासून.
चौसष्टला हरले.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा टॅली लागली नाही
आणि कुणाला मेमो गेला नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे वखारे सर म्हणाले,
घाटाकडून येतात, वाटेत थांबतात,
या काड्यांतलं कडू हवं असतं त्यांना.
पुढे कुठे जातात?
ते मात्र सरांना सांगता येईना.
त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

शनिवारी सोसायटीनं गवत कापणारा बोलावला.
साप येतात म्हणे. खरंच येतात,
मागच्या वर्षी मीच ओरडले होते.
गेटपाशी उभी राहिले,
काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

चंदर भोये, पेठ तालुक्यातला, खांद्यावर मशीन.
दोरी ओढली. मशीन फुरफुरलं.
सगळा प्लॉट एकदम हवेत उठला.
त्यानं मशीन बंद केलं.
"आजी, जेवतायत ती."

भिंतीकडचं कापलं, रस्त्याकडचं गाजरगवत कापलं,
मधला खुळखुळा तसाच ठेवला.
सेक्रेटरीनं निम्मेच पैसे दिले.
उरलेले मी दिले, तर
न मोजताच खिशात टाकले त्यानं.

मंगळवारी उन्हं चढायच्या आत गेली सगळी.
मी तेव्हा नळाला पाणी येण्याची वाट बघत होते.

काडीवर एकच राहिलेलं,
उजव्या पंखाचा कोपरा फाटलेलं.
अशी नोट आम्ही बाजूला काढायचो.

हे मी मोजलं.
एक.