मागची बाजू

लकडगंजच्या आऱ्यावरून फळ्या आल्या
तेव्हा हाताला गार लागत होत्या.
धुऱ्यावरचा साग, पाऊण इंची काप.
शालिक बावणे म्हणाला, भाऊ, झाड पाडलं म्हणजे मेलं असं नसते,
पाणी सोडायले त्याले टाइम लागते.
इंचाले एक साल धरा.

पश्चिमेच्या भिंतीसाठी होत्या त्या.
हुडकेश्वरचं ऊन चारच्या पुढे
विटेतून आरपार येतं, उशी तापते.

शेडमध्ये थप्पी लावली.
थराथरात बोटभर पट्ट्या, पट्टीखाली पट्टी, ओळंब्यात,
वर फरशीचे उरलेले तुकडे.
टोकांना फाटकाचा निळा रंग फासला,
कारण लाकूड टोकाकडून घाई करतं
आणि घाईत तडकतं.

सगळ्यात वरची एक फळी दर रविवारी
साहूच्या किराणा दुकानात न्यायचो.
गुळाची ढेप उतरली की माझा नंबर.
पेन्सिलीनं फळीवरच लिहायचो:
पाच सातशे. पाच चारशे साठ. पाच दोनशे.
साहूचा पोरगा विचारायचा,
काका, डाएट कसं चालू आहे हिचं?

मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
डांबर चपलेला चिकटत असताना
फळी ऐंशी ग्रॅमनं वाढली.
काटा बदलून पाहिला. तेच.
रात्री थप्पीपाशी उभा राहिलो तेव्हा कळलं:
उके वहिनींचा कूलर,
ओल्या वाळ्याची झुळूक
थेट माझ्या सागवानावर.
मे महिन्यात नागपुरात कुणाला
कूलर बंद करा म्हणता येत नाही.
थप्पीच हलवली. सत्तर फळ्या, दोघं जण.

जानेवारीत वजन थांबलं.
तीन रविवार एकच आकडा.
शालिकनं रंधा मारला,
जवसाचं तेल तापवून आणलं.
मला जवस म्हणजे चटणी;
हातांना दिवसभर जेवणाचा वास.
चिंध्या तो गोळा करू देईना,
एकेक तारेवर पसरायचा.
बोळा करून ठेवला तर रात्री आपोआप पेटते, म्हणे.

मी समोरूनच तेल लावत होतो.
त्यानं फळी उलटी केली.
इकडून कोण पाहणार? मी विचारलं.
कोणी नाही पाहत.
पण एकाच अंगानं तेल पेली
तं वाकडी होते ना बाप्पा.

आकड्यांची फळी खिडकीच्या डावीकडे, खालून सातवी.
आकडे भिंतीकडे.
त्या बाजूला रंधा लावू दिला नाही मी,
तेल मात्र दोन हात दिले.

उशी आता तापत नाही.
रात्री कधीतरी टक् वाजतं भिंतीत.
शालिकला सांगितलं, तर म्हणाला,
बसून राह्यली ते. बसू द्या.