ठराव क्रमांक नऊ

मी पडदे रंगवतो, वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी.
राजवाडा, तुरुंग, जंगल.
तीनच जागा येतात मला, आणि तिन्हींत
माणसं येऊन आपापलं रडून जातात.

एका फेब्रुवारीत ग्रामसेवक ठेंगरे फटफटीवरून आले,
खिशात ठरावाची नक्कल:
नवीन कार्यालयाच्या दर्शनी भिंतीकरिता गावाचे चित्र,
सहा बाय चार, ऑइल कलरमध्ये,
खर्च रुपये साडेचार हजार फक्त.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.

सरपंच ललिता गुरनुले म्हणाल्या,
"बजारात भेटतेत ना दादा, धावणारे सात घोडे,
काचंतला धबधबा, वायर लावली का पानी वाहते.
ते कोनाच्याबी भिंतीवर चालते.
आमच्या भिंतीवर आमचं पायजे."

शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम ठोकला.
कापड ताणलं, खळ दिली,
पाण्याच्या टाकीवर चढून गाव पाहिलं,
उतरून तलावाची पाळ ओढली पेन्सिलीनं, एवढीच,
आणि त्याच रात्री पहिला माणूस आला.

निकुरे. पायलीभर लाखोळी घेऊन.
"माह्या घरावर दिवाळीले स्लॅब पडनार हाये.
चित्रात आताच पाडून टाक ना."

दुसऱ्या रात्री नन्नावरे.
ट्रॅक्टर काढ, ट्रॉली नको, ट्रॉली भावाची.
आणि निकुऱ्याचं कुंपण रस्त्यात दीड हात आलंय
ते तसंच्या तसं येऊ दे,
उद्या तहसीलदार आले तर पाहतील.

तिसऱ्या रात्री निकुरे परत.
कुंपणच नको.

मुख्याध्यापकांना शाळा हवी होती पिवळी;
रंग मंजूर आहे, आला नाही.
एक पोरगा म्हणाला, माहा कुत्रा.
कुत्रा मेला होता पोळ्याला,
तरी मी तो काढला, सगळ्यांत आधी,
मग पुसला, कारण त्याला बसायला गाव नव्हतं अजून.

तेव्हा कळलं, राजवाडा का सोपा असतो.
तिथं कोणी राहत नाही.

रेवता मेश्राम दिवसा आली, चिखलाच्या पायानं.
कापडाकडे पाहिलं. तिला घर नको होतं, काही नको होतं.
"कोठून पाहून रायले तुमी?"
टाकीवरून, म्हटलं.
"टाकीवरून तं वाल सोडनारा श्रावणच पायते एकटा.
आमी कोठून पाहातो, चाला."

तलावाखाली उन्हाळी धानाचा रोवणा चालला होता.
पेंडी हातात दिली तिनं. वाक म्हणाली.
वाकलो.
कंबर बोंबलली, बायका हसल्या,
आणि माझ्या दोन पायांच्या मधे, बांधीच्या पाण्यात,
सगळं गाव उलटं टांगलेलं.
कौल खाली, पाया वर.
रोप खोचलं की निकुऱ्याचं घर हलायचं,
कुंपण आत यायचं, बाहेर जायचं,
थोडं थांबलं की पुन्हा रस्ता.

अकरा दिवस लागले.
निळा संपला, ठेंगऱ्यांनी ब्रह्मपुरीहून आणला,
पावतीसकट.

सभेत चित्र उघडलं तेव्हा
पुरुष गप्प. कोणी तरी म्हणालं, उलटं टांगलं ना बे.
दोघं उठले, फिरवून पाहिलं,
तर आभाळ खाली आणि धानाची रोपं वरून लोंबत.
परत फिरवलं.
मागच्या बायका मात्र पुढं आल्या,
बोटं लावू लागल्या ओल्या रंगाला,
हे माहं, हे तुहं, हे वंदीचं न्हानीघर.
ललिताबाईंनी काहीच म्हटलं नाही,
फक्त पदरानं घाम पुसला आणि खिळा कुठं ठोकायचा ते दाखवलं.

मला चार हजार मिळाले.
पाचशे कापले. शेरा: गाव उलटे आहे.

परवा ठेंगरे भेटले वडशाला, तिकीटबारीवर.
म्हणाले, दाखला काढायला येणारा
आधी भिंतीपुढं गुडघ्यावर हात ठेवून वाकतो,
मग खिडकीशी येतो.
निकुरे तर रोजच.
कुंपण शोधते म्हने.